दुसरी चूल दाखव

चिडलेल्या बाईने दिवाळी अंकात लिहू नये, असं आमच्या घरात सर्वानुमते ठरलेलं आहे. सर्वानुमते म्हणजे मी सोडून. ह्यांचं म्हणणं, "लोक फराळ करता करता वाचतात. कुणाच्या घशात चकली अडकेल असं काही लिहू नकोस." मुलगी म्हणते, "मम्मी, प्लीज वो गाँव वाली स्टोरी मत लिखना. हर बार रो देती हो." हे साफ खोटं आहे. मी रडत नाही, मी ओरडते. फरक आमच्या शेजाऱ्यांना विचारा.

संपादकांनी मात्र 'नोकरीतल्या गमतीजमती' मागितल्या आहेत. त्याही आहेत. त्या आधी देते, म्हणजे ज्यांना चकली खायची त्यांनी तेवढ्यात खाऊन घ्यावी.

मी नोकरी काय केली? तर परक्या लोकांच्या दारात जाऊन त्यांना विचारू नयेत असे प्रश्न विचारले, आणि त्याचा पगार घेतला. चंदीगडच्या एका संशोधन संस्थेत मी फील्ड इन्व्हेस्टिगेटर होते. सांगलीहून लग्न होऊन आले तेव्हा हे एअरफोर्समध्ये होते आणि पोस्टिंग तीन वर्षांचं आहे असं मला सांगण्यात आलं होतं. ती तीन वर्षं अजून चालू आहेत. बी.ए.ला मी स्टॅटिस्टिक्स का घेतलं होतं हे माझ्या वडिलांना शेवटपर्यंत कळलं नाही, पण त्याच्यावरच नोकरी मिळाली.

संस्थेचा एक प्रकल्प होता. चंदीगडजवळच्या खरडच्या पुढचं एक लहानसं गाव धरायचं आणि काही काही वर्षांनी तिथलं घर न् घर मोजायचं. माणसं किती, कुठून आली, कुठे गेली, काय कमावतात. मोठ्या शहरात बदल दिसत नाही. लहान गावात एक सून आली तरी तक्ता हलतो. गावाचं नाव मी लिहीत नाही. आता तिथे कॉलेजं झालीत आणि वसतिगृहांच्या पाट्याच जास्त दिसतात, पण तेव्हा गहू होता, म्हशी होत्या आणि फार म्हणजे फार कुत्री होती. माझी उंची पाच फूट. गावातल्या कुत्र्यांना मी पहिल्या दिवसापासून आपल्यातलीच वाटले असणार, कारण ती मला वेशीवर घ्यायला यायची.

पोरं मागे धावायची, "मदरासन आई! मदरासन आई!" आई म्हणजे आली. साडी दिसली की मद्रास. मी थांबून तळमळीने सांगायची, की बाळांनो, महाराष्ट्र वेगळा, मद्रास वेगळं. एक म्हातारा खाटेवरून म्हणाला, "ओही गल्ल है." एकच ते. मी भांडणार तेवढ्यात पलीकडच्या अंगणातून कानावर आलं, "काय वो बाई, कुठल्या तुम्ही?"

हे सुभेदार चाचा. तोफखान्यातून निवृत्त. नोकरीची कितीतरी वर्षं देवळालीत काढलेली, त्यामुळे त्यांच्या मराठीत निम्मे शब्द भाजीबाजारातले आणि निम्मे परेड ग्राउंडवरचे. "बसा. चहा पिऊन टाका. नंतर काय विचारायचं ते विचारून टाका."

मी विचारलं, चाचाजी, उत्पन्न?

"उत्पन्न काय नाय. सगळा खर्चच आहे."

इथे धंद्याची पहिली युक्ती सांगते. कुणालाही उत्पन्न विचारू नये. म्हशीकडे बघावं आणि म्हणावं, छान आहे हो. माणूस उत्पन्न लपवेल, पण म्हशीचं कौतुक त्याला लपवता येत नाही. चाचांनी ती म्हैस कुठून आणली, किती दूध देते, ते दूध कोण नेतं, काय भावाने नेतं, हे सगळं एका दमात सांगितलं. मी लिहीत गेले. संपल्यावर माझ्या कागदाकडे बघून म्हणाले, "बाई, तुम्ही इंटेलिजन्समध्ये पाहिजे होत्या." मला नोकरीत मिळालेली ती एकमेव बढती.

आता धंद्याची व्याख्या. पुढे सगळी तिचीच कथा आहे, तेव्हा चकली खाली ठेवा.

आमच्या हिशेबात कुटुंब म्हणजे नातं नव्हे. कुटुंब म्हणजे चूल. एका चुलीवर शिजलेलं जे खातात ते एक कुटुंब. दोन सख्खे भाऊ एकाच छपराखाली राहतात, पण जावांचं पटेना म्हणून चुली दोन झाल्या, तर कुटुंबं दोन. आणि दुसरा नियम असा, की प्रत्येक माणूस कुठल्या तरी एकाच चुलीवर मोजला गेला पाहिजे. दोनदा नाही, आणि मुळीच नाही असंही नाही. मुलगा लुधियान्याला खोली घेऊन तिथे जेवतो, तर आईच्या चुलीवरून त्याला काढायचं, कारण तो तिकडे मोजला जाईल. दवाखान्यात असेल, पाहुणा गेला असेल, तर तो आईच्याच चुलीवर. म्हणून कुठल्याही घरात माझा पहिला प्रश्न तोच असायचा. या चुलीवर कोण कोण जेवतं?

गुरनाम कौरच्या घरी मी हा प्रश्न विचारला तेव्हा ती चुलीपुढेच बसली होती. विधवा बाई, थोडी जमीन बटाईने दिलेली, दोन म्हशी, एक मुलगा. गाव तिला बीबी म्हणायचं, मीही म्हणू लागले. मुलगा बलकार. खरडच्या रस्त्यावर मोटारी रिवाइंड करायचं दुकान होतं त्याचं. ट्यूबवेलची मोटार जळली की सगळं शिवार त्याच्याकडे यायचं. हात कायम वार्निशने पिवळे, आणि तोंड कायम चालू.

"मॅडमजी," तो मला म्हणाला, "मैं दोपहर की रोटी दुकान पे खाता हूँ. मुझे आधा काट दो."

बीबीने हातातला चिमटा त्याच्या पोटरीवर हाणला. "डब्बा केहड़े चुल्हे दा है, खोतेया?" डबा कुठल्या चुलीवरचा आहे, गाढवा?

बीबी पंजाबीत बोलायची, मी हिंदीत, आणि चिडले की मराठीत. तिचं बोलणं इथे मराठीतच लिहिते. तिचा आवाज काही त्यात यायचा नाही.

त्या दिवशी तिने मला जेवल्याशिवाय सोडलं नाही. मक्याची रोटी, साग, वर लोण्याचा एवढा गोळा की तो सागाचाच भाऊ वाटावा. वाढून झाल्यावर म्हणाली, "आता तू माझ्या चुलीवर जेवलीस. स्वतःचं नाव लिही."

"नाही बीबी, मी चंदीगडला मोजली जाते."

"तिकडे तुझी चूल आहे म्हणून इथून काटलंस?"

"हो."

"चांगलं आहे," बीबी म्हणाली. "माणूस कुठेतरी राहतो मग."

बलकारने मला स्कूटरवर खरडच्या बस अड्ड्यापर्यंत सोडलं. वाटेत सायकल, बैलगाडी, ट्रॅक्टर सगळ्यांना हाका मारत, आणि प्रत्येकाला "ये मॅडम सरकार को तेरी भैंस की खबर देने जा रही हैं" असं सांगत. मी पदर सावरत मागून ओरडत होते की मी सरकार नाही. कुणी ऐकलं नाही.

गमतीजमती इथे संपल्या.

पुढची फेरी आली तेव्हा ती वर्षं सुरू झाली होती. पंजाबात राहिलेल्यांना कुठली वर्षं ते सांगावं लागत नाही. बाकीच्यांसाठी एवढंच, की खलिस्तानची चळवळ पेटली होती, बसमधून उतरवून माणसं मारली जात होती, अंधाराच्या आत घरी पोचणं हाच दिवसाचा कार्यक्रम होता, आणि ह्यांनी मला एक शिट्टी आणून दिली होती. शिट्टी! एअरफोर्सचा माणूस, आणि बायकोच्या संरक्षणाची योजना काय, तर शिट्टी. मी ती पर्समध्ये ठेवत असे आणि एकदा भर बसमध्ये ती चुकून मुलीच्या हाती लागली आणि तिने फुंकली, तेव्हा अख्खी बस सीटखाली गेली.

गावात पोचले आणि विचारलं, या चुलीवर कोण कोण जेवतं?

पहिल्या घराने दार लावलं. दुसऱ्या घराने म्हटलं, कुणी नाही. मी म्हटलं, कुणी नाही कसं, तुम्ही तर आहात. बाई म्हणाली, "आम्ही जेवत नाही."

सुभेदार चाचांनी मला बाजूला घेतलं. या वेळी मराठीत थट्टा नव्हती. "बाई, हा सवाल आता नका करू. रात्री बंदूकवाले पोरं येतात, म्हणतात, जेवण टाका. नाय टाकलं तर गोळी. सकाळी वर्दीवाले येतात, म्हणतात, रात्री तुझ्या चुलीवर कोण जेवून गेलं? तुम्ही पण तोच सवाल करता."

माझ्या धंद्याचा पहिला, साधा, बाळबोध प्रश्न. तो आता त्या गावातला सगळ्यात भयंकर प्रश्न झाला होता, आणि हे कळायला आमच्या संस्थेला चाचांची गरज लागली. मी प्रश्न उलटा केला. लोकांना म्हटलं, आधीच्या फेरीत तुमच्या चुलीवर ही ही माणसं होती. ती बरी आहेत ना? मग दारं उघडली. मग मुलगे एकेक करून बाहेर येऊ लागले, म्हणजे नुसती त्यांची नावं. एक इटलीला, जमीन विकून एजंटाकरवी पाठवलेला. एक दिल्लीत मामाकडे ट्रक धुतो, आईनेच पाठवला, इथे ठेवायची भीती वाटली म्हणून. एक स्वतः बंदूक घेऊन गेला होता; त्याचे वडील माझ्यापुढे पाण्याचा ग्लास ठेवून उठून गेले ते परत आलेच नाहीत. एकाला बंदूकवाल्यांनीच मारलं होतं, कारण त्याने मोटारसायकल दिली नाही.

आणि बलकार.

भर दिवसा, दुकानातून. जीपमधून चौघे उतरले, साध्या कपड्यातले. शेजारच्या पंक्चरवाल्याने बघितलं, चहावाल्याने बघितलं. बलकारच्या हातात अर्धी गुंडाळलेली मोटार होती, ती त्याला खाली ठेवू दिली, एवढं सौजन्य. बीबी ठाण्यात गेली. ठाण्यात सांगितलं, आम्ही कुणाला आणलं नाही. पुन्हा गेली. सांगितलं, माई, गेला असेल बाहेरदेशी, आजकाल सगळे जातात, चिठ्ठी येईल.

बीबीच्या अंगणात आता एकच म्हैस होती. दुसरी वकिलासाठी विकली होती.

मी प्रश्न विचारलाच नाही. तिनेच सुरुवात केली. "लिही. गुरनाम कौर. बलकार सिंग."

मी पेन धरून बसले. नियम माझ्या डोक्यात होता, निम्म्याहून जास्त वर्ष घरी नसेल तर काढायचा. मी अगदी हळू म्हटलं, "बीबी, तो इथे जेवत नाही ना आता."

"तूच सांगितलं होतंस. दुसरीकडे जेवतो त्याला इथून काटायचं, कारण तो तिकडे मोजला जाईल. सांगितलं होतंस ना?"

"हो."

"मग दुसरी चूल दाखव. कुठे जेवतो ते दाखव. मी स्वतः काटते." आणि थांबून म्हणाली, "मला तीच चूल हवी आहे, पुत्त. तीच तर शोधते आहे मी."

मी लिहिलं, गुरनाम कौर, बलकार सिंग, सदस्य दोन. शेऱ्याच्या जागेत जे घडलं ते लिहिलं, पंक्चरवाल्यासकट.

ऑफिसात आमचं काम छाननी विभागात जायचं. तिथे वातानुकूलित खोलीत बसून आमच्या चुका दुरुस्त करत. बलकार ही चूक होती. त्यांनी त्याला काटला. मग प्रश्न आला, हा गेला कुठे म्हणून दाखवायचा? बाहेर गेलेल्यांसाठी कारणं ठरलेली होती. नोकरीधंदा, शिक्षण, लग्न, इतर. 'उचलून नेला' असं कारण नव्हतं. तरुण पुरुष म्हटल्यावर त्यांनी त्याला नोकरीधंद्यात टाकला. दिल्लीत ट्रक धुणारा, इटलीवाला, बंदूक घेऊन गेलेला आणि बलकार, सगळे एका रकान्यात. इतकंच काय, ज्याने मोटारसायकल दिली नव्हती तो मेलेला मुलगाही कुणाच्या तरी हलगर्जीपणाने त्याच रकान्यात गेला. नोकरीला लागला बिचारा.

आणि मग एक दिवस ऑफिसात बर्फी वाटली.

आमचे मोठे साहेब परदेशात शिकलेले, मृदू बोलणारे, ऑफिसच्या बागेतल्या गुलाबांना स्वतः पाणी घालणारे. ते आनंदाने म्हणाले, "बघा, एवढ्या अशांततेतही गावाचं दरडोई उत्पन्न वाढलं. लोक समजतात तेवढं वाईट नाही चाललेलं."

दरडोई उत्पन्न म्हणजे काय ते बाहेरच्यांसाठी सांगते. गावाची सगळी कमाई घ्यायची आणि गावातल्या डोक्यांनी भागायची. कमाई वाढली तर उत्तर वाढतं. आणि डोकी कमी झाली तरी उत्तर वाढतं. शेत तेवढंच, म्हशी जवळजवळ तेवढ्याच, आणि खाणारी तोंडं उणी. घरात भाकरी तेवढ्याच आणि दोन पोरं नाहीशी झाली, की राहिलेल्यांच्या वाट्याला जास्त येते, तिला आम्ही प्रगती म्हणतो.

बीबीचा हिशेब तर मी स्वतः उघडून बघितला. म्हशीची विक्री 'पशुधनापासून मिळकत' म्हणून धरलेली. भागायला डोकं एकच. मुलगा गेला, म्हैस गेली, आणि गुरनाम कौर गावातल्या ज्यांची भरभराट झाली त्या कुटुंबांत जाऊन बसली.

मी बर्फी टेबलावर ठेवली आणि साहेबांना हे सांगितलं. त्यांनी ऐकलं. खरंच ऐकलं, मान हलवत. मग म्हणाले, "मॅडम, तुमचं दुःख मी समजू शकतो. पण टेबलमध्ये भावना बसत नाहीत." मी म्हटलं, भावना नका बसवू, माणूस बसवा. ते हसले. माझ्या विनोदबुद्धीची त्या ऑफिसात कदर होती.

अहवाल छापला गेला. गुळगुळीत कागद, मुखपृष्ठावर गव्हाचं शेत. त्यात वाक्य होतं, की गावातील तरुण पुरुषांमध्ये उपजीविकेसाठी स्थलांतराची प्रवृत्ती वाढत आहे. मला वाटलं होतं, हे कोण वाचणार? आमचे अहवाल छापणारासुद्धा वाचत नसे.

वाचले. ज्यांना हवे होते त्यांनी बरोबर वाचले.

एका दुपारी सुभेदार चाचा आणि बीबी आमच्या क्वार्टरच्या दारात उभे. हायकोर्टातून सरळ आले होते. मुलाला हजर करा म्हणून बीबीने अर्ज केला होता, आणि समोरून पोलिसांनी जबाब दिला होता. त्यात लिहिलं होतं, की या गावातले तरुण कामधंद्यासाठी गाव सोडून जातात हे चंदीगडच्याच संस्थेच्या पाहणीत सिद्ध झालेलं आहे, आणि बलकार सिंगही तसाच गेला असावा.

बीबी सोफ्यावर बसली नाही. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी जमिनीवर बसली. माझ्या गॅसकडे बघत होती. म्हणाली, "तुझ्या दफ्तराने लिहिलं, माझा मुलगा भाकर कमवायला गेलाय. तू काटलंस त्याला?"

"मी नाही काटलं, बीबी. मी लिहिला होता."

"मग तिथे येऊन सांग."

चाचा मराठीत म्हणाले, बीबीला कळू नये म्हणून, "बाई, तुमची नोकरी आहे. घरच्या साहेबांची वर्दी आहे. नाय म्हणून टाका. मी समजावतो तिला."

संध्याकाळी हे आले. मी सगळं सांगितलं, आवाज चढवून, कारण मला दुसरं येत नाही. सरकारी नोकर, त्यात फौजेतला. बायको पंजाबात कोर्टात उभी राहून वर्दीवाल्यांच्या विरुद्ध बोलणार. ते बूट काढत होते. एक काढला, दुसरा तसाच. मग म्हणाले, "माईक लागणार नाही तुला." मी ती परवानगी समजले. आजही ते म्हणतात, तो फक्त शेरा होता.

साहेबांना विचारणं भाग होतं. ते घाबरले, आणि घाबरल्यावर नियम काढला. घरोघरची माहिती गोपनीय असते, ती कोर्टात देता येत नाही. हा नियम चांगला आहे. मी स्वतः त्या नियमाच्या आधाराने लोकांची दारं उघडली होती. पण मी म्हटलं, साहेब, ज्या बाईची माहिती आहे तीच मागते आहे. तिच्यापासून गोपनीय ठेवायची? आणि समोरच्या बाजूला द्यायची?

"आम्ही कुणाला काही दिलेलं नाही. अहवाल प्रकाशित आहे."

"मग एवढंच सांगा," मी म्हटलं. माझा आवाज तेव्हा बाहेरच्या गुलाबांपर्यंत गेला असणार. "आपला नियम आहे, प्रत्येक माणूस कुठल्या तरी एका चुलीवर मोजायचा. तुम्ही याला आईच्या चुलीवरून काढलात. कुठल्या चुलीवर घातलात? ती चूल सांगा. मी आत्ता जाते आणि त्याला तिकडे मोजून येते."

साहेब काचेचा पेपरवेट फिरवत राहिले. शेवटी इतकंच म्हणाले, "तुम्हाला मुलं आहेत, मॅडम."

होती. म्हणून तर.

मी प्रतिज्ञापत्र दिलं, की मी बलकारला आईच्या चुलीवरच लिहिला होता, काटला तो ऑफिसने. सेक्टर एकमधल्या हायकोर्टाच्या त्या प्रचंड रंगीत खांबांखाली बीबी, चाचा आणि मी उभ्या उभ्या परौंठे खाल्ले. बीबीने डबा आणला होता. फार मोठं काही झालं नाही. नाट्यमय तर मुळीच नाही. समोरच्या वकिलाने अहवालातलं वाक्य वाचलं, आमच्या वकिलाने माझं वाचलं, पुढची तारीख पडली. पण त्या तारखेला समोरून नवा जबाब आला, आणि त्यात स्थलांतराचं वाक्य नव्हतं. त्या जागी लिहिलं होतं, सदर इसमाबद्दल काही माहिती नाही.

मला रडू येईल असं वाटलं, रागाने. एवढ्यासाठी हे सगळं? 'कमवायला गेला'चं 'माहिती नाही' झालं, बस?

बीबीने चाचांकडून ते दोनदा समजावून घेतलं. मग माझा हात हातात घेतला आणि म्हणाली, "चल, परदेशातून तरी परत आणलास."

बलकार मिळाला नाही. खटला झिजत गेला, एक वकील गेला, दुसरा आला, उरलेली म्हैसही गेली. मला ऑफिसने फील्डवरून काढून ग्रंथालयात बसवलं, जिथे आमचेच न वाचलेले अहवाल पुसून ठेवायचं काम होतं. गव्हाचं शेत असलेला अहवाल मी कधी पुसला नाही. पुढे हे निवृत्त होऊन पिंजौरच्या एका कारखान्यात लागले, मीही ती नोकरी सोडली, आणि आम्ही खरडला फ्लॅट घेतला, कारण तो परवडत होता. खिडकीतून बलकारच्या दुकानाचा रस्ता दिसतो. तिथे आता मोबाइलचं दुकान आहे.

बीबी आहे. वाकली आहे, ऐकू कमी येतं. मी गेले की जेवूनच यावं लागतं. गावाच्या पुढच्या फेऱ्या नव्या पोरांनी केल्या. चाचा असेपर्यंत ते मला फोनवर सांगायचे, "बाई, पुन्हा आले होते. बीबीने पुन्हा दोन नावं सांगून टाकली." ती दोन सांगते. ऑफिस एक छापतं. तिचं दरडोई उत्पन्न अजून चांगलं असणार.

मागे एकदा आमच्या फ्लॅटवर जनगणनेवाला आला. घाम पुसत, उन्हाने वैतागलेला, माझ्यासारखाच कधीकाळी. मी त्याला पाणी दिलं, खुर्ची दिली. त्याने विचारलं, घरात कोण कोण? हे, मी, मुलगी. "और बेटा?"

"बेंगळुरूला असतो. तिकडे खोली आहे, मेसमध्ये जेवतो. त्याला काटा."

तो बिचारा जरा दचकला. बायका सहसा मुलांची नावं घालायला भांडतात. "लिख लूँ क्या, आंटी? कोई बात नहीं, बेटा तो आपका ही है."

"नको. काटा." आणि मी उठून ड्रॉवरमधून कागद काढला आणि मुलाचा पत्ता त्याला वाचून दाखवू लागले. घर नंबर, गल्ली, मेसवाल्या बाईचं नाव, ती इडली कुठल्या वारी करते तेसुद्धा. त्याने हात वर केला, की आंटी, ये नहीं चाहिए. मी थांबले नाही. पिनकोडपर्यंत वाचला.

मुलगी आतून आली. "मम्मी, वो तो बस गिनती कर रहे हैं. तुम चिल्ला क्यों रही हो?"